स्कोपमधून हरीण जवळ दिसतं, पण असतं तिथेच! पहिला शिकारी क्रॉसबो घेताना आणि वापरताना काय बघतात?

'द वॉकिंग डेड' बघितली असेल, तर डॅरिल डिक्सन आठवत असेल. विस्कटलेले केस, बिनबाह्यांचं जॅकेट आणि हातात क्रॉसबो. धावता धावता बाण सोडतो, समोरचा झॉम्बी आडवा, आणि पुढच्या सीनमध्ये बाण पुन्हा लावलेला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी क्रॉसबो पहिल्यांदा बघितला तो असा. आता त्यात रील्सची भर पडली आहे. बंदुकीसारखा दस्ता, वर दुर्बीण, बोटाने ट्रिगर दाबला की पुढच्या कटला थेट मेलेलं हरीण.

मधलं काहीच दिसत नाही. ते हरीण किती लांब होतं, बाण पोचायला किती वेळ लागला, त्याआधी माणसाने किती आठवडे सराव केला, काही नाही. त्यामुळे कमेंटमध्ये हमखास दोनच प्रश्न येतात, "भाऊ केवढ्याला?" आणि "किती लांब जातो?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसरा प्रश्न मात्र चुकीचा आहे, आणि नव्या माणसाच्या हातून हरीण जखमी होऊन पळतं त्यामागे बऱ्याचदा हाच प्रश्न असतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट. हे सगळं अमेरिका आणि कॅनडाबद्दल चाललं आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे. नुसती मारण्याचीच गोष्ट नाही, या कायद्यात प्रयत्न केला तरी ती शिकारच धरली जाते. हत्यार बंदूक होतं की बाण, यानेही फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये क्रॉसबो विकत मिळतो, पण १९८१ च्या कायद्याने तिथेही त्याने रानटी जनावर मारता येत नाही. त्यामुळे ही माहिती कामाची आहे ती मिशिगन, ओहायो, विस्कॉन्सिन किंवा ऑन्टारियोत राहणाऱ्या आपल्या माणसांच्या, आणि रील बघून डोकं खाजवणाऱ्या बाकी सगळ्यांच्या.

मिशिगनमध्ये नोकरी करणारा कुणी ओळखीचा असेल तर विचारून बघा. १५ नोव्हेंबरला तिथे बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि ऑफिसात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसतात. पण धनुष्याचा हंगाम त्याच्या दीड महिना आधी, १ ऑक्टोबरलाच सुरू झालेला असतो. थंडी कमी, गर्दी कमी, दिवस जास्त. साध्या धनुष्याने हरीण मारायचं तर वर्षानुवर्षांचा हात लागतो. क्रॉसबोला तेवढा लागत नाही. विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये सगळ्यांसाठी क्रॉसबोचा हंगाम खुला केला. इतर बऱ्याच राज्यांतही आधी फक्त वयस्कर किंवा अपंग शिकाऱ्यांना असलेली परवानगी हळूहळू सगळ्यांना मिळत गेली. आणि मग ३०० डॉलरच्या आसपासच्या, स्कोपसकट मिळणाऱ्या क्रॉसबोंचा बाजार फुलला.

शिकायला सोपं हत्यार ही त्याची जुनी ओळख आहे बरं का. ११३९ च्या लॅटरन परिषदेत चर्चने ख्रिश्चनांविरुद्ध क्रॉसबोवाले आणि धनुर्धारी वापरायला मनाई केली होती. ती फार कुणी पाळली नाही, हा भाग वेगळा.

बॉक्सवरचा मोठा आकडा

दुकानात गेलं की प्रत्येक बॉक्सवर एक आकडा ठळक अक्षरात असतो. ३५०, ३७०, ४००, ४२५. हा वेग आहे, फूट प्रति सेकंद. सेंटरपॉइंट कंपनीचा स्नायपर ३७० हा नवशिक्यांच्या आवडीचा क्रॉसबो. त्याच्या नावातला ३७० म्हणजे हाच आकडा. बाईक घेताना सीसी विचारावा तसा लोक हा आकडा विचारतात.

३५० फूट प्रति सेकंद म्हणजे ताशी ३८० किलोमीटरच्या वर. ऐकायला भारी वाटतं. पण हरणाच्या शिकारीला वापरतात त्या रायफलची गोळी सेकंदाला २,७०० ते २,८०० फूट जाते. म्हणजे बाण गोळीच्या आठपट हळू. आणि बॉक्सवरचा आकडा बहुतेक वेळा हलक्या बाणाने मोजलेला असतो. शिकारीचा वजनदार बाण लावला की तो खाली येतो.

आता हिशोब करू. बाणाचा वेग ३५० धरा आणि हवेचा अडथळा सोडून द्या. २० यार्डांवर, म्हणजे साधारण १८ मीटरवर बाण ०.१७ सेकंदात पोचतो. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने तो सरळ रेषेपासून सुमारे ६ इंच खाली येतो. ४० यार्डांवर वेळ दुप्पट, ०.३४ सेकंद. पण घसरण दुप्पट नाही, चौपट, जवळपास २ फूट. ६० यार्डांवर ४ फुटांहून जास्त. शाळेतलं भौतिकशास्त्र असं जंगलात भेटतं.

आता आवाजाचं बघा. ट्रिगर दाबला की क्रॉसबो जोरात 'थाड' वाजतो. आवाज सेकंदाला ११०० फुटांच्या वर जातो, म्हणजे बाणाच्या तिप्पट. ४० यार्डांवरच्या हरणाला आवाज ०.११ सेकंदात ऐकू येतो आणि बाण ०.३४ ला येतो. मधला पाव सेकंद हरणाचा. व्हाइटटेल हरीण दचकलं की पळण्यासाठी आधी पाय दुमडून अंग खाली दाबतं. तुम्ही छातीवर नेम धरलेला असतो, बाण पाठीवरून जातो किंवा त्याहून वाईट, पाठीत घुसतो. २० यार्डांवर त्याला मिळणारा वेळ याच्या निम्माच असतो.

वेग वाढवून हे सुटत नाही का? थोडंसं. ३५० चा ४०० केला तर ४० यार्डांवर ०.०४ सेकंद वाचतात. त्यासाठी बऱ्याचदा आणखी शे-दोनशे डॉलर जातात, दोरी जास्त ताणलेली असते, ओढायला जड जातं. माझं मत विचाराल तर पहिल्या क्रॉसबोत ३०० ते ३७० च्या पुढे जायची गरज नाही. उरलेल्या पैशात लेझर रेंजफाइंडर घ्यावा. तो का, ते पुढे येतंच आहे.

मग घेताना बघायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे दोन जाती. एक रिकर्व्ह, दुसरी कंपाउंड. रिकर्व्ह म्हणजे आडवं टाकलेलं साधं वाकडं धनुष्य. ऑन्टारियोतली एक्स्कॅलिबर ही कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे. यात बिघडण्यासारखं फार काही नसतं आणि दोरी तुटली तर रानात बसून बदलता येते. पण ते रुंद असतं. कंपाउंडमध्ये धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखे कॅम असतात. त्यामुळे ते अरुंद राहतं आणि मचाणात किंवा छोट्या तंबूत वळवायला बरं पडतं. पण त्याची दोरी आणि केबल बदलायला खास प्रेस लागतो, म्हणजे दुकानाची पायरी चढणं आलं. सुरुवातीच्या किमतीत मिळणारे बहुतेक क्रॉसबो कंपाउंडच असतात.

दुसरी, आणि दुकानात कुणी फारसं न विचारणारी गोष्ट म्हणजे दोरी ओढणार कशी? १८५ पाउंडांचा ताण म्हणजे ८४ किलो. हाताने तेवढं ओढायचं आणि तेही दोन्ही बाजूंनी सारखं, हे होत नाही. पॅकेजमध्ये दोन हुक आणि दोन मुठी असलेला दोर येतो. तो कप्पीच्या तत्त्वावर ताण निम्मा करतो. तरी ४२ किलो उरतातच. पाठीचा त्रास असलेल्याने, किंवा वय झालेल्या माणसाने दुकानातच एकदा ओढून बघावं. जमत नसेल तर हँडल फिरवून दोरी ओढणारा क्रँक लावता येतो का, हे विचारून घ्यावं.

तिसरं, रिकामा वार रोखणारी कळ. बाण न लावता दोरी सोडली तर सगळी ताकद बाणात न जाता धनुष्यातच फुटते. हात तडकतात, दोरी तुटते, कॅम वाकतात. एका रिकाम्या वारात ३०० डॉलर गेलेले असतात आणि वॉरंटीवाले बहुधा हात वर करतात. बाण नसेल तर ट्रिगर चालूच नये अशी सोय आता स्वस्त क्रॉसबोतही असते. ती नसेल तर तो घेऊ नका.

वजन ६ ते ८ पाउंडांच्या आसपास असतं. उचलून, खांद्याला लावून बघा. सेकंडहँड घेत असाल तर धनुष्याच्या हातांवर केसासारख्या चिरा, दोरीच्या मधल्या गुंडाळीतून निघालेले धागे आणि कॅमच्या कडा यांच्यावरून बोट फिरवा. स्वस्तात मिळतोय यापेक्षा का विकतोय हे आधी विचारा.

बाणांचं मात्र कंपनी सांगेल तेच ऐकायचं. लांबी, किमान वजन आणि मागच्या टोकाचा, म्हणजे नॉकचा आकार, तिन्ही गोष्टी मॅन्युअलमध्ये असतात. अर्धचंद्राच्या नॉकच्या जागी सपाट नॉक लावला तर दोरी बाणाच्या वरून किंवा खालून निसटू शकते. ठरवलेल्यापेक्षा हलका बाण म्हणजे अर्धा रिकामा वारच.

स्कोपवरचे '४×३२' म्हणजे काय?

सुरुवातीच्या पॅकेजमध्ये बहुधा ४×३२ स्कोप येतो. ४ म्हणजे वस्तू चारपट मोठी दिसणार, ३२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ३२ ला ४ ने भागा, ८ येतात. डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी. अंधारात माणसाची बाहुली ७ मिलिमीटरच्या आसपास उघडते, म्हणजे हा स्कोप डोळा भरून प्रकाश देतो. हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात, त्यामुळे हे महत्त्वाचं. त्याच ३२ च्या भिंगावर ९ पट मोठं करणारा स्कोप घेतला तर झोत साडेतीन मिलिमीटरचा उरतो आणि संध्याकाळी पाचला हरणाच्या जागी तपकिरी धब्बा दिसतो. जास्त झूम म्हणजे जास्त चांगलं, हा मोबाइलच्या कॅमेऱ्याने लावलेला समज आहे.

क्रॉसबोच्या स्कोपमध्ये एकाखाली एक अशा चार-पाच आडव्या रेषा असतात. बहुतेकांत सगळ्यात वरची २० यार्डांसाठी, मग ३०, ४०, ५०. बाण जितका लांब जाणार तितका खाली येणार, म्हणून खालच्या रेषेने नेम धरला की धनुष्य आपोआप वर उचललं जातं. साधा रायफलचा स्कोप इथे चालत नाही तो याचसाठी.

गंमत अशी की या रेषा एका ठरावीक वेगासाठी आखलेल्या असतात. तुमच्या बाणाचा वेग वेगळा असेल तर २० ची रेषा बरोबर लागेल आणि ४० ची चुकेल. काही स्कोपवर वेगाचे आकडे कोरलेली रिंग असते, तिने हे जुळवता येतं. ती नसेल तर खालच्या रेषा खरोखर किती यार्डांच्या आहेत, हे मारून बघायचं आणि कागदावर लिहून क्रॉसबोच्या दस्त्यावर चिकटवायचं. यात लाज कसली? जुने शिकारीही हे करतात.

नेम जुळवणं: एक दुपार द्यावी लागते

आधी स्कोपच्या रिंगांचे आणि धनुष्याचे स्क्रू घट्ट आहेत का बघा. नव्या बॉक्समधलेही ढिले असू शकतात. दोरीला मेण, आणि मॅन्युअल सांगत असेल तर रेलवर, म्हणजे ज्या पट्टीवरून बाण सरकतो तिच्यावर, तेलाचा थेंब.

मग दोरी ओढायची. क्रॉसबोच्या पुढे घोड्याच्या रिकिबीसारखी कडी असते. तिच्यात बूट पूर्ण घालायचा, चपलेत हे काम करायचं नाही. दोराचे हुक दोन्हीकडे सारखे लावून एका दमात वर ओढायचं, 'टक' आवाज येईपर्यंत. एक छोटी युक्ती आहे. दोरी न ओढता असताना ती रेलला जिथे टेकते तिथे दोन्ही बाजूंना मार्करने खूण करून ठेवा. ओढल्यावर खुणा दोन्हीकडे सारख्या दिसल्या तर दोरी मधोमध आहे. थोडीशी तिरकी असली तरी बाण डावी-उजवीकडे जातो आणि माणूस उगाच स्कोपला शिव्या घालतो.

बाण ठेवताना वेगळ्या रंगाचं पीस खाली, रेलच्या खाचेत. बाण मागे सरकवून दोरीला नीट टेकवायचा, मध्ये फट ठेवायची नाही. सेफ्टी लागली आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं.

आता अंगठा. हे वेगळं सांगतो कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. पुढचा हात रेलच्या खालीच राहिला पाहिजे. बंदूक धरायची सवय असलेल्या माणसाचा अंगठा नकळत वर येतो. सुटलेली दोरी त्या अंगठ्यातून जाते. म्हणून धरायच्या जागी पंखासारखे आडोसे दिलेले असतात. ते 'उगाच मधे येतात' म्हणून काढून टाकणारे महाभाग असतात, त्यांचं ऐकू नका.

मागे पक्की भिंत किंवा मातीचा उतार असलेली मोकळी जागा, फोमचं टार्गेट आणि क्रॉसबो टेकवायला वाळूची पिशवी. पहिला बाण १० यार्डांवरून, टार्गेटवर तरी लागतो का बघायला. मग २० यार्ड. वरच्या रेषेने तीन बाण मारा आणि तिन्ही मिळून कुठे पडतात ते बघा. एका बाणावर स्कोप फिरवायचा नाही. तीन बाण एकमेकांजवळ पडले, पण मध्यापासून लांब, तर स्कोप हलवायचा. तिघे तीन दिशांना गेले तर स्कोपचा दोष नाही, तुमचा श्वास आणि ट्रिगरचा झटका बघा.

स्कोपच्या टोपणाखाली एका क्लिकला किती फरक पडतो ते लिहिलेलं असतं. पाव इंच लिहिलं असेल तर तो १०० यार्डांवरचा आहे. २० यार्डांवर तोच फरक पाचपट कमी होतो, म्हणजे एक इंच सरकायला २० क्लिक. नवखा माणूस चार क्लिक करतो, काही हललं नाही म्हणून वैतागतो आणि स्कोप खराब निघाला असं रिव्ह्यूमध्ये लिहून टाकतो.

२० जुळलं की ४० वर जा आणि ४० च्या रेषेने मारा. बाण खाली लागत असेल तर वेगाची रिंग कमी आकड्याकडे फिरवा, वर लागत असेल तर जास्त आकड्याकडे. मग पुन्हा २० वर येऊन खात्री. एकाच ठिपक्यावर सगळे बाण मारू नका, नेम जुळल्यावर दुसरा बाण पहिल्याच्या मागच्या टोकात घुसतो. फोटो छान येतो, पण एका फटक्यात दोन बाण जातात.

आणि एवढं करूनही काम संपलेलं नसतं. सराव गोल टोकाच्या बाणांनी होतो, शिकार ब्लेडच्या टोकाने. ब्लेड हवेत वेगळं वागतं, खासकरून उघडीच असणारी पाती. म्हणून हंगामाआधी प्रत्यक्ष वापरायच्या टोकांनी, ब्लेड झेलणाऱ्या फोमवर, पुन्हा एकदा मारून बघावंच लागतं.

किती लांबून?

हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसांची जागा साधारण ८ ते १० इंच व्यासाची. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. या वर्तुळात बसला तर हरीण थोडं पळून पडतं. बाहेर बसला तर ते जखम घेऊन दिवसभर फिरतं.

आता रेंजफाइंडरकडे येऊ. हरीण ५० यार्डांवर आहे आणि तुम्हाला वाटलं ४० वर आहे. संध्याकाळ, उघडं शेत, पहिलं हरीण, छातीत धडधड, अंदाज १० यार्डांनी चुकणं अगदी सहज आहे. तुम्ही ४० ची रेषा छातीच्या मध्यावर ठेवून अचूक मारलं तरी बाण सहा-सात इंच खाली जातो. वर्तुळाच्या बाहेर, पायात किंवा पोटाखाली. म्हणजे हातही स्थिर होता, स्कोपही जुळलेला होता, फक्त अंतर चुकलं. १०० डॉलरच्या आसपासचं रेंजफाइंडर ही चूक पुसून टाकतं. ४०० च्या वेगाने ती फक्त थोडी कमी होते.

म्हणून पहिल्या हंगामात ३० यार्डांची मर्यादा घालून घेतलेली बरी. स्कोपमध्ये ५० ची रेषा आहे म्हणजे ५० वर मारायचं असा त्याचा अर्थ नाही. ती रेषा टार्गेटसाठी आहे, फोम दचकत नाही. हरीण आडवं उभं असावं किंवा तोंड किंचित पलीकडे फिरवलेलं असावं. समोरून तोंड करून उभं असेल तर थांबायचं. मधे एक बारीक फांदी असेल तरी थांबायचं, बाण तेवढ्यानेही वळतो. स्कोप रेलपेक्षा दोन-तीन इंच उंच असतो, त्यामुळे स्कोपमधून समोर मोकळं दिसतं आणि बाण मात्र मचाणाच्या कठड्याला किंवा तंबूच्या खिडकीच्या खालच्या कडेला धडकतो, असंही होतं. धनुष्याचे दोन्ही हात उघडायला बाजूला मोकळी जागा आहे ना, हेही आधीच बघून ठेवायचं.

बाण लागल्यावर लगेच मागे धावायचं नाही. किमान अर्धा तास बसून राहायचं. बाण पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास. पाठलाग झाला की जखमी हरीण आणखी लांब जातं आणि मग सापडत नाही.

परवाना, हंगामाचा टॅग आणि शिकारीचं शिक्षण देणारा कोर्स यांचे नियम राज्यागणिक बदलतात. राज्याच्या वन्यजीव विभागाचं चालू वर्षाचं पत्रक वाचावं, यूट्यूबवर विसंबू नये. झाडावरच्या मचाणातून पडणं हे तिथल्या शिकाऱ्यांच्या दुखापतींचं मोठं कारण आहे. त्यामुळे अंगाला पट्टा बांधूनच चढायचं आणि क्रॉसबो दोरी न ओढलेल्या अवस्थेत, नंतर दोराने वर घ्यायचा.

बहुतेक संध्याकाळी हरीण येतच नाही. अंधार पडतो आणि ताणलेला क्रॉसबो हातात राहतो. दोरी हाताने सोडायची सोय बहुतेक स्वस्त क्रॉसबोंत नसते आणि रिकामा वार करायचा नसतो. त्यामुळे एक जुना, गोल टोकाचा बाण यासाठीच जवळ ठेवतात. आधी ब्लेडचा बाण काढून भात्यात ठेवायचा, क्रॉसबोचं तोंड खाली ठेवून तसाच दोराने उतरवायचा, मग स्वतः उतरायचं. दगड नसलेल्या मऊ मातीत किंवा फोमच्या पिशवीत तो जुना बाण मारायचा, उपटून पुसायचा आणि गाडीकडे चालायला लागायचं.